एका शब्दाचा पसारा

मुलुंड पश्चिमेच्या एका जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या घरात, सदतीस वर्षे बुटांच्या तीन खोक्यांत शब्द वस्तीला होते. खोकी कपाटावर असत. त्यांत पोस्टकार्डाच्या आकाराची सुमारे चौदाशे कार्डे होती. प्रत्येक कार्डाच्या डोक्यावर एक शास्त्रीय संज्ञा, तिच्याखाली मराठीत सुचलेले वा सुचवले गेलेले पर्याय, त्याखाली एक वापराचे वाक्य आणि तळाशी दोन रकाने असत. पहिल्यावर 'कोणी सुचविला' आणि दुसऱ्यावर 'कोणी विचारला' असे लिहिलेले असे. पहिला रकाना कोणत्याही परिभाषाकाराच्या टिपणांत सापडेल. दुसरा मात्र या संग्राहकाचा स्वतःचा होता, आणि त्या रकान्यामुळेच हा संग्रह सुरू झाला होता.

संग्राहक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. घाटकोपरच्या एका महाविद्यालयात त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ अध्यापन केले. 1986 सालच्या पावसाळ्यात प्रथम वर्षाच्या वर्गात ऊष्मागतिकीचा दुसरा नियम शिकवीत असताना एंट्रॉपीची व्याख्या त्यांनी इंग्रजीतून फळ्यावर लिहिली. डोंगर-उतारावरच्या वस्तीतून येणारा, दहावीपर्यंत महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलेला एक मुलगा उभा राहिला आणि त्याने विचारले, "सर, याला मराठीत काय म्हणायचं?" प्रश्न साधा होता. प्राध्यापकांना उत्तर येत नव्हते. उत्तर येत नसल्याची जाणीव लपविण्यासाठी माणूस जे करतो ते त्यांनी केले. "इथं भौतिकशास्त्र चालू आहे, मराठीचा तास नाही," असे ते म्हणाले. वर्ग हसला. मुलगा खाली बसला. दिवाळीनंतर तिसऱ्या रांगेतील तो बाक रिकामा दिसू लागला.

एखादा विद्यार्थी एका वाक्याने शिक्षण सोडत नाही. त्यामागे घरची परिस्थिती, नोकरीची घाई, इंग्रजीचे ओझे अशी अनेक कारणे असतात, हे प्राध्यापकांना ठाऊक होते आणि स्वतःच्या समाधानासाठी त्यांनी ते अनेकदा मनाशी घोळविलेही होते. तरीही पहिले कार्ड त्याच वर्षी लिहिले गेले. त्याच्या डोक्यावर 'एंट्रॉपी' हा शब्द होता.

या शब्दाचे मूळ शोधू गेल्यास एक चमत्कारिक योगायोग हाती लागतो. एंट्रॉपी हा शब्दच मुळी घडविलेला आहे. रूडोल्फ क्लाउझिउस या जर्मन शास्त्रज्ञाने 1865 साली तो जाणीवपूर्वक सिद्ध केला. उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे आपोआप जाते, उलट दिशेने आपोआप जात नाही, या नित्याच्या अनुभवामागील राशीला त्याला नाव हवे होते. 'ट्रोपे' म्हणजे वळणे, पालटणे, रूपांतर होणे. या ग्रीक शब्दाला त्याने 'एन्' हा उपसर्ग लावला, तो 'एनर्जी' या शब्दाशी नाते दिसावे म्हणून. कारण त्याच्या मते या दोन राशी अर्थाने एकमेकींच्या निकटच्या होत्या. प्राचीन भाषेकडे जाण्याचे कारणही त्याने देऊन ठेवले आहे: असा शब्द सर्व आधुनिक भाषांना जसाच्या तसा स्वीकारता यावा. म्हणजे ज्या शब्दाचे भाषांतर करण्यासाठी प्राध्यापकांनी आयुष्याचा उत्तरार्ध वेचला, तो शब्द त्याच्या जनकाने भाषांतर करावे लागू नये म्हणूनच घडविला होता.

मराठी परिभाषाकारांनी हेच वेगळ्या वाटेने केले. क्लाउझिउसला जे ग्रीक, ते त्यांना संस्कृत. ऊर्जा, त्वरण, संवेग, विभवांतर हे शब्द शालेय पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या गेले आणि आज ते परके वाटत नाहीत. ही परंपरा जुनी आहे. शिवकाळात रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोशात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. विसाव्या शतकात सावरकरांच्या 'महापौर', 'दिनांक', 'हुतात्मा' या शब्दांनी व्यवहारात जागा मिळविली. मात्र घडविलेला प्रत्येक शब्द रुजतोच असे नाही. सरकारी इमारतींच्या पाट्यांवर 'उद्वाहन' राहिले आणि माणसे लिफ्टने वर गेली. जो शब्द गोष्टीतून येतो तो बहुधा टिकतो, असे निरीक्षण प्राध्यापकांनी एका कार्डाच्या मागे नोंदविले होते, आणि त्याला उदाहरण दिले होते 'कृष्णविवर' या शब्दाचे. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने आलेल्या 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. आपली आद्याक्षरे उलटी करून हे टोपणनाव घेणारे लेखक डॉ. जयंत विष्णु नारळीकर होते. कथा वाचणाऱ्याला संज्ञा पाठ करावी लागली नाही. ती कथेबरोबर घरात आली. योगायोग असा की, त्याच सुमारास, 1972 ते 1974 या काळात, बेकेनस्टाइन आणि हॉकिंग यांच्या संशोधनातून कृष्णविवरालाही एंट्रॉपी असते आणि ती त्याच्या क्षितिजाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते, हे पुढे आले. मराठीने कृष्णविवर घरचे केले, एंट्रॉपी मात्र देवनागरीत लिहिलेली पाहुणीच राहिली.

पाहुणी एकटीही आली नाही. शब्दाचे एक वैशिष्ट्य असे की, तो घडविला गेल्यावर त्याच्यापासून इतर शब्द घडू लागतात. प्राध्यापकांच्या खोक्यात या कुळाची वीस कार्डे एका रबरबँडखाली होती. उष्णतावाचक ग्रीक धातूपासून आलेली 'एन्थॅल्पी' हे तिचे चुलत भावंड असून ती कामर्लिंग ओनेस यांच्या नावावर जमा आहे. श्रोडिंजर यांनी 1944 साली 'जीवन म्हणजे काय?' या पुस्तकात सजीव हा ऋण एंट्रॉपीवर जगतो, असे प्रतिपादन केले. पुढे ब्रिल्वाँ यांनी या जोडशब्दाचा संकोच करून 'नेगेंट्रॉपी' केली. 1956 साली झोरान रांट यांनी, ऊर्जेपैकी जेवढा भाग प्रत्यक्ष कामी येऊ शकतो त्याला 'एक्सर्जी' म्हटले. गणिती फांताप्पिए यांनी 'सिंट्रॉपी'चा पुरस्कार केला. 1988 च्या सुमारास अमेरिकेत, मानवाच्या अमर्याद उत्कर्षावर विश्वास असणाऱ्या काही तरुणांनी 'एक्स्ट्रॉपी' घडविली. यांतील काही शब्द प्रयोगशाळेत राबले, काही केवळ आशेपोटी जन्मले. ऱ्हासाचे मोजमाप करणारा शब्द सापडताच माणसाने त्याचे विरुद्धार्थी शब्द तयार करण्याची एवढी घाई करावी, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकालाही विचारात घेण्याजोगी आहे. 1959 साली केंब्रिज येथील व्याख्यानात सी. पी. स्नो यांनी साहित्यिकांना दुसरा नियम ठाऊक नसतो अशी तक्रार केली होती. साहित्यिकांनी पुढे तो नियम कितपत समजून घेतला हा प्रश्नच आहे, पण त्यातील शब्द मात्र त्यांनी मुक्तहस्ते वापरला.

'एंट्रॉपी' या कार्डावरील पर्याय खोडलेले होते. 'अव्यवस्था' खोडला होता, कारण त्यात मोजमाप नाही. 'ऊर्जाक्षय' खोडला होता, कारण ऊर्जेचा क्षय होतच नाही; ती तेवढीच राहते, तिची उपयुक्तता घटते. 'विस्कळीतता' उच्चाराला अवघड होता. क्लाउझिउसच्या व्युत्पत्तीला अनुसरून केलेला 'अंतर्वळण' हा शब्द त्यांना काही वर्षे आवडला होता. परंतु मराठीत 'वळण' या शब्दाने एक स्वतंत्र मार्ग धरलेला आहे. रस्त्याला वळण असते तसे अक्षरालाही असते, आणि मुलाला वळण लावले जाते ते तो व्यवस्थित व्हावा म्हणून. ग्रीक 'ट्रोपे' जिथे विस्कटण्याकडे वळली, तिथे मराठी 'वळण' शिस्तीकडे वळले. एकाच कल्पनेतून निघालेले दोन शब्द परस्परांना पाठमोरे उभे राहिल्याने तोही पर्याय खोडावा लागला.

2023 साली इमारत पुनर्विकासाला गेली. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, अंधेरी या सर्वच उपनगरांत चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या गृहनिर्माण संस्था पाडून मनोरे उभे राहण्याच्या काळात ही घटना विशेष नव्हती. घर ठरल्या तारखेला रिकामे करून द्यायचे होते. सामान उतरवताना टेम्पोवाल्याच्या माणसाच्या हातून कपाटावरचे एक खोके निसटले, जिन्यावरून घरंगळले आणि कार्डे पहिल्या मजल्यापर्यंत पसरली. माणसाने ती प्रामाणिकपणे गोळा करून दिली. एकही कार्ड हरवले नाही. शब्द तेवढेच, कागद तेवढेच, वजनही तेवढेच. गेला होता तो फक्त अनुक्रम.

बोल्ट्झमन यांचा विचार याहून सोप्या रीतीने समजावून देणे कठीण आहे. एका रबरबँडखालची केवळ वीस कार्डे घेतली, तरी ती एकामागे एक लावण्याच्या रीती दोनावर अठरा शून्यांहून अधिक भरतात. दर सेकंदाला एक रीत लावून पाहायची ठरविली, तर सर्व संपण्यास सुमारे 7,700 कोटी वर्षे लागतील. विश्वाचे आजवरचे वय सुमारे 1,380 कोटी वर्षे आहे. या असंख्य रीतींपैकी वर्णानुक्रमाची रीत एकच. घरंगळणाऱ्या खोक्याचे कोणाशी वैर नव्हते. क्रमवार मांडणी एक आणि क्रम नसलेल्या मांडण्या अगणित, एवढ्याच कारणाने कार्डे विस्कटली. व्हिएन्नामधील बोल्ट्झमन यांच्या समाधीवर कोरलेले सूत्र हेच सांगते: एंट्रॉपी ही अशा शक्य रीतींच्या संख्येच्या लॉगरिदमच्या प्रमाणात असते.

कार्डे लावायला प्राध्यापकांच्या पत्नी बसल्या. त्यांची सारी नोकरी टपाल खात्यात, त्यातही बरीच वर्षे सॉर्टिंगमध्ये गेली होती. भाड्याच्या घरात अजून कपाटे यायची होती. त्यांनी जमिनीवर वर्तमानपत्रे अंथरली, त्यांवर कोळशाने अक्षरे लिहिली आणि एकेक कार्ड उचलून त्या त्या कागदावर टाकू लागल्या. हाताला जुनी लय सापडली. 1972 सालच्या 15 ऑगस्टला पिनकोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी आणि नाटककार होते, ही गोष्ट त्या नेहमी अभिमानाने सांगत. एकाच नावाची अनेक गावे, वाचता न येणारी हस्ताक्षरे, निरनिराळ्या लिप्यांतील पत्ते अशा गोंधळावर सहा आकड्यांचा उतारा काढणारा माणूस शब्दांचा उपासक असावा, यात त्यांना काही विसंगत वाटत नसे. 400080 म्हणजे मुलुंड पश्चिम, 400086 म्हणजे घाटकोपर पश्चिम. हे आकडे त्यांच्या बोटांत होते.

"मॅक्सवेलनं तुझ्यासारखाच एक जण कल्पिला होता," प्राध्यापक म्हणाले.

"आमच्या खात्यातला?"

जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी 1867 साली एका पत्रात एक सूक्ष्म, चलाख प्राणी कल्पिला. वायूने भरलेल्या पेटीच्या मधल्या दारावर तो बसतो, वेगवान रेणू एकीकडे आणि मंद रेणू दुसरीकडे जाऊ देतो आणि काही खर्च न करता थंड-गरम वेगळे करून दुसरा नियम मोडतो. पुढे थॉमसन यांनी त्याला राक्षस म्हटले. हे सारे ऐकून पत्नी म्हणाल्या, "अहो, खर्च न करता कसं? दिवसभर सॉर्टिंग करून संध्याकाळी डोळे कसे व्हायचे ते त्या राक्षसाला विचारा."

शास्त्राला या उत्तरापर्यंत पोहोचण्यास शतकाहून अधिक काळ लागला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. 1961 साली लँडाउअर यांनी दाखविले की माहिती पुसण्याला किमान काही उष्णतेची किंमत द्यावीच लागते. 1982 साली बेनेट यांनी ते सूत्र राक्षसाला लावले. रेणू निवडताना राक्षसाला तो कसा आहे हे ध्यानात ठेवावे लागते, ध्यान भरले की जुने विसरावे लागते, आणि ते विसरणे फुकट होत नाही. निवडीने जे कमावले ते विसरताना फिटते. नियम अबाधित राहतो.

दोन दिवसांनी खोके लागले. घर मात्र तसेच होते. पत्नी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढा पसारा आवरेपर्यंत चार दिवस जातील." प्राध्यापकांनी मान वर केली. सदतीस वर्षे ज्या घरात ते शब्द शोधीत होते, त्या घरात हा शब्द दिवसातून चार वेळा उच्चारला जात होता. मुलांच्या दप्तरांचा पसारा, स्वयंपाकाचा पसारा, स्वतः प्राध्यापकांच्या कार्डांचा पसारा. आणि त्याच्या जोडीला, ब्रिल्वाँ यांनी दोन शब्द सांधून जो अर्थ साधला, तो सांगणारे क्रियापदही होतेच: आवरणे.

या दोन शब्दांचा विस्तार पाहण्यासारखा आहे. 'पसारा' प्रसरणाशी नाते सांगतो; वायू पसरतो, शाई पाण्यात पसरते, उष्णता पसरते. संतपरंपरेने प्रपंचाला पसारा म्हटले ते काही निव्वळ अडगळ या अर्थाने नव्हे; त्यात विस्तार आणि गुंता दोन्ही होते. 'आवरणे' घरापुरते थांबत नाही. राग आवरतात, अश्रू आवरतात, भाषण आवरते घेतात, दुकान आवरतात आणि उतारवयात माणूस आपले सगळेच आवरते घेतो. प्रत्येक ठिकाणी एक अर्थ समान आहे: जे आपोआप होऊ पाहते त्याला श्रमाने रोखणे.

शिवाय आवरण्याची किंमत कोठे जाते, हेही घरातच दिसते. स्वयंपाकघरातील फ्रीज आतून गार असतो, पण त्याच्या पाठीला हात लावल्यास चटका बसतो. आतून जेवढी उष्णता काढली, तिच्याहून अधिक तो खोलीत सोडतो. दार उघडे ठेवून खोली गार करू पाहणाऱ्याची खोली तापतेच. घर आवरले म्हणजे केर बाहेर जातो. मुलुंड पूर्वेला, खाडीच्या कडेला, उपनगरातील असंख्य आवरलेल्या घरांचे बाहेर टाकलेले ओझे अनेक दशके साठत होते. 2018 साली ही कचराभूमी बंद झाली तेव्हा तेथे सुमारे 70 लाख टन कचरा होता, आणि तो उपसून, चाळून, माती, दगड, प्लॅस्टिक निरनिराळे करण्याचे काम महापालिकेने हाती घेतले. बोरिवलीकडील गोराईची कचराभूमी 2007 साली बंद करून झाकण्यात आली. एकत्र टाकायला घरटी क्षणभर पुरला होता. वेगळे करायला यंत्रे, डिझेल आणि वर्षे लागतात. ओला आणि सुका कचरा आधीच वेगळा ठेवा, या सूचनेमागे दुसरा नियमच उभा आहे. आवरलेले घर हे व्यवस्थेचे बेट असते, आणि त्याच्याभोवतीचा समुद्र त्या बेटामुळे थोडा अधिक गढूळ होतो.

इतके जुळत असूनही प्राध्यापकांनी तो शब्द लगेच कार्डावर लिहिला नाही. शिक्षकाचा स्वभाव आडवा आला. पसारा कोणीतरी घालतो. एंट्रॉपी वाढवणारा कोणी असावा लागत नाही. घरातल्या पसाऱ्याला एकक नाही. एंट्रॉपी ज्यूल प्रति केल्विनमध्ये मोजतात, आणि विस्कटलेल्या चौदाशे कार्डांनी त्या मापात पडणारा फरक एका कप चहाच्या निवण्यापुढे नगण्य आहे. तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा होता. मिसळीचा रस्सा ढवळून ठेवला की थोड्या वेळाने तर्री आपोआप वर येते आणि तेल व पाणी नीट वेगळे होतात. डोळ्यांना ते आवरल्यासारखे दिसते, पण ते आपोआप घडले, याचाच अर्थ सगळा हिशेब धरता एंट्रॉपी वाढली आहे. म्हणजे जे नीटनेटके दिसते तेथेही पसारा वाढलेला असू शकतो. घरगुती शब्द घेतला तर विद्यार्थी डोळ्यांवर विश्वास ठेवील आणि फसेल.

पत्नींनी हे शांतपणे ऐकून घेतले. "मग फसू दे की," त्या म्हणाल्या. "फसला तर पुन्हा विचारील. तुमच्या इंग्रजी शब्दानं तो फसलाच नाही, कारण आतच आला नाही."

त्या मुलाविषयी घरात फारसे बोलणे होत नसे. पण पत्नींना ते ठाऊक होते, हे त्या एका वाक्याने उघड झाले.

भाषेच्या बाजूनेही हा प्रश्न तपासून पाहता येतो. क्लॉड शॅनन यांनी 1948 साली संदेशातील अनिश्चिततेचे माप सिद्ध केले आणि त्यालाही एंट्रॉपी हेच नाव दिले. नाव सुचविताना फॉन नॉयमन यांनी, ती काय असते हे कोणालाच नीट ठाऊक नसल्याने वादात त्याचा फायदा होईल, असे म्हटल्याची आख्यायिका आहे. शॅनन यांच्या त्या वेळच्या अंदाजानुसार इंग्रजी लेखनाचा सुमारे निम्मा भाग पुनरुक्तीचा असतो. तो गाळला तरी अर्थ सावरता येतो. मराठीत ही पुनरुक्ती व्याकरणातच विणलेली आहे. 'चांगली मुलगी आली' या वाक्यात स्त्रीलिंग तीनदा सांगितले जाते. सायंकाळच्या घाटकोपर स्थानकावर, लोकलच्या आणि मेट्रोच्या गर्दीत, अर्धे शब्द कलकलाटात बुडाले तरी उरलेल्या अर्ध्यांवरून वाक्य उभे राहते ते या उदारपणामुळे. पावसात भिजलेल्या पाकिटावरचे 'मु' आणि 'ड' एवढेच वाचता आले, तरी पिनकोडाचे चार आकडे पाहून पत्र योग्य खणात टाकणाऱ्या हातांना हे सूत्र शिकवावे लागले नव्हते.

मात्र व्यक्तीच्या नावात अशी पुनरुक्ती नसते. प्राध्यापकांना तिसऱ्या रांगेतील तो बाक आठवत होता, उभे राहताना मुलाने वही छातीशी धरली होती ते आठवत होते, आवाजातील संकोच आठवत होता. नाव आठवत नव्हते. पहिले अक्षर 'स' असावे असे कधी वाटे, कधी 'श'. उरलेल्यावरून गेलेले उभे करता येईल, असा कोणताही दुवा नावाला नव्हता. हजेरीपट केव्हाच रद्दीत गेले असणार. विसरण्याला किंमत पडते हे विधान त्यांनी वर्गात नव्हे, पण पुस्तकांत अनेकदा वाचले होते. ते रेणूंच्या व्यवहाराविषयी आहे, माणसाच्या मनाविषयी नाही, आणि दोहोंची सरमिसळ करू नये, असे ते स्वतःच दुसऱ्यांना बजावीत असत. त्या संध्याकाळी त्यांनी ती सरमिसळ केली.

चौथ्या दिवशी घर लागले. कपाट आले, खोकी पुन्हा वर चढायची होती. प्राध्यापकांनी 'एंट्रॉपी'चे कार्ड बाहेर काढले. ते इतके खोडलेले होते की नवा शब्द लिहायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी कोरे कार्ड घेतले. डोक्यावर 'एंट्रॉपी' लिहिले आणि पुढे नोंद केली: शास्त्रीय लेखनात हाच शब्द ठेवावा. खाली लिहिले: 'पसारा', शिकवताना आधी हा शब्द द्यावा, मग तो कोठे अपुरा पडतो ते सांगावे, मिसळीचे उदाहरण घ्यावे. त्याखाली विरुद्ध क्रियेसाठी 'आवर' लिहिले. 'कोणी सुचविला' या रकान्यात पत्नींचे नाव आले. त्या चष्मा लावून शेजारी बसल्या होत्या. त्यांनी नावातील एक वेलांटी दुरुस्त करून घेतली.

'कोणी विचारला' या रकान्यात त्यांनी लिहिले: एक विद्यार्थी, तिसरी रांग, पावसाळा 1986. नावासाठी एक ओळ कोरी सोडली.

"ही कुठं लावू?" पत्नींनी विचारले.

"सर्वांत पुढे."

"वर्णानुक्रम मोडेल."

"मोडू दे," प्राध्यापक म्हणाले, आणि त्यांनी कार्ड खोक्यात सर्वांत पुढे ठेवले.